नकार तपासून पाहा

डहाणू-तलासरीत जमीन कुणाच्या नावावर हा प्रश्न लेखणी कुणाच्या हातात या प्रश्नापासून कधीच सुटा नव्हता. सावकाराच्या चोपडीत कर्ज लिहिणारा, ते बरोबर आहे असं सांगणारा आणि वसूल करणारा माणूस एकच असे. ज्याच्या नावावर ते चढे त्याला वाचता येत नसे, आणि येत असतं तरी चोपडी त्याला दाखवली कुणी असती? २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असं ठरवून उठले, त्यामागे गेलेल्या जमिनी होत्या, लग्नासाठी काढलेलं कर्ज होतं आणि त्यापायी वर्षानुवर्षं भोगलेली लग्नगडीची गुलामी होती. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे तो इतिहास मराठी वाचकांना माहीत आहे.

पुढे कायद्याने एक मोठं काम केलं. एका हातातली लेखणी त्याने अनेक हातांत वाटून दिली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद तलाठी घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस थांबावं लागतं, हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ अ मध्ये जाते, आणि नोंद प्रमाणित करतो तो वरचा अधिकारी, सहसा मंडळ अधिकारी. ६ जुलै १९७४ पासून कलम ३६ अ लागू झालं. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, आणि विक्रीसारखं कायमचं हस्तांतरण असेल तर शासनाचीही मान्यता हवी. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत, त्यामुळे इथे ही कलमं पुस्तकातली नाहीत, रोजच्या कामातली आहेत. त्यातच बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग याच पट्ट्यातून जातात. भूसंपादनाचा मोबदला सातबाऱ्यावरचं नाव पाहून ठरतो, हे इथल्या प्रत्येक पाड्याला ठाऊक आहे.

ही सगळी हातांची वाटणी आता संगणकातल्या एका तक्त्यात येऊन बसली आहे. ई-फेरफार या प्रणालीत दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की माहिती थेट महसूल खात्याकडे येते. तलाठ्याच्या (या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी) लॉगिनला नोंद पुढे नेता येते, प्रमाणित करता येत नाही. प्रमाणित करण्याचा अधिकार मंडळ अधिकाऱ्याच्या लॉगिनला. कागदाच्या वहीत हा नियम मोडायचा तर खोटी सही करावी लागे, अक्षर वेगळं दिसे, शाई वेगळी दिसे. संगणकात कोणत्याही प्रणालीत असा नियम मोडायला तक्त्यातल्या एका चौकोनात पडलेली खूण पुरते. आणि ती खूण बहुतेक वेळा चांगल्या हेतूनेच पडते, कुणाचं तरी अडलेलं काम सोडवताना.

म्हणून माझं म्हणणं असं, की व्यवहाराच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये कुणाचे अधिकार बदलले की पहिली चाचणी नकाराची घ्यावी. ज्याला जे करता येऊ नये ते त्याला खरोखरच करता येत नाही ना, हे करून पाहावं. आज चालतं ते नेमकं उलटं. मागणी येते, ‘अमक्याला तमकं पान दिसत नाही, सुरू करून द्या.’ अधिकार दिला जातो, पान दिसतं का पाहिलं जातं, दिसलं की तक्रार बंद. त्या एका खुणेने आणखी काय काय उघडलं हे विचारायला कुणी थांबत नाही, कारण जास्तीचा अधिकार मिळाला म्हणून कुणी फोन करत नसतं. अधिकार कमी पडला तर आरडाओरड होते. जास्त झाला तर शांतता असते, आणि त्या शांततेला आपण काम झाल्याची पावती समजतो.

संगणकशास्त्रात हे कळून अर्धं शतक झालं. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली माहितीच्या संरक्षणावर लिहिलेल्या निबंधात दोन तत्त्वं सांगितली, ती आजही शिकवली जातात. प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा. आणि जिथे काहीच सांगितलेलं नाही तिथे उत्तर ‘नाही’ असावं. तरीही वेब सॉफ्टवेअरच्या धोक्यांची जी यादी जगभर प्रमाण मानतात, त्या ओवॅस्पच्या २०२१ च्या यादीत पहिला क्रमांक अधिकारांच्या तुटलेल्या तटबंदीचा होता. २०१७ साली हाच धोका पाचवा होता. तत्त्व माहीत नाही म्हणून असं होत नाही. ते दर बदलानंतर पुन्हा तपासलं जात नाही, म्हणून होतं.

एक उदाहरण जवळून पाहू. २०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २,५१६ कोटी रुपयांची योजना, सगळ्यांना एकच सामाईक सॉफ्टवेअर. आपल्याकडे डोंगरपट्टीत अशा संस्था आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था म्हणून ओळखल्या जातात, आणि आदिवासी विकास महामंडळासाठी आधारभूत किमतीने भात खरेदीचं कामही त्या करतात. समजा अशा एका संस्थेत संगणकावर काम असं वाटलेलं आहे: केंद्रावरचा ग्रेडर काट्यावरचं वजन चढवतो, सचिव पावती पाहून रक्कम मंजूर करतो. ग्रेडर आजारी पडतो. चुकून ४२ चे २४ टाईप झालेले, शेतकरी खोळंबलेले. संस्थेकडून मागणी येते, सचिवाला वजन दुरुस्तीचा अधिकार द्या. मागणी रास्त आहे. अधिकार दिला जातो, सचिव एक वजन दुरुस्त करून पाहतो, होतं, सगळे सुटकेचा श्वास टाकतात.

आता त्या खुणेने प्रत्यक्षात काय झालं ते पाहा. वजन बदलणारा आणि त्याच वजनावर रक्कम मंजूर करणारा माणूस एक झाला. दुरुस्ती फक्त नुकत्याच केलेल्या वजनाची होते की शेतकऱ्याच्या हातात पावती गेल्यावरही होते, हे कुणी पाहिलं नाही. मागच्या हंगामाच्या पावत्या उघडल्या का, दुसऱ्या केंद्राच्या दिसू लागल्या का, तेही नाही. २०२५-२६ च्या हंगामात साध्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये होती. त्या दराने ५० कट्ट्यांवर कट्ट्यामागे एक किलो कमी झालं, तर अर्ध्या क्विंटलचे १,१८४ रुपये ५० पैसे जातात. पन्नास कट्टे म्हणजे फार मोठा शेतकरी नव्हे. आणि सचिव प्रामाणिक असला तरी काय? उद्या त्याच्यावर आळ आला, तर आपण काही केलं नाही हे सिद्ध करायला त्याच्याजवळ काही उरत नाही. दोन हातांची वाटणी प्रामाणिक माणसाचंही संरक्षण करत असते, हे आपण विसरतो.

चाचणी कशी घ्यायची? खऱ्या केंद्रावर, खऱ्या शेतकऱ्याच्या पावतीवर अजिबात नाही. सरावाच्या सर्व्हरवर एक खोटं गाव उभं करायचं, त्यात काल्पनिक नावांचे चार-पाच शेतकरी. आधार क्रमांक, बँक खाती खरी उचलून आणायची नाहीत. खऱ्या माणसांची माहिती चाचणीसाठी मोकळी सोडणं हीच मुळात अधिकारांची गळती आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर त्याला सबबही नाही. मग चार अवस्थांतल्या चार पावत्या तयार करायच्या: नुसतं वजन झालेली, शेतकऱ्याला दिलेली, पैसे जमा झालेली, आणि गेल्या हंगामाची. त्यापुढे चार लॉगिन: ग्रेडर, सचिव, अध्यक्ष, लेखापरीक्षक. झाले सोळा चौकोन. ‘वजन दुरुस्त होईल का’ याचं उत्तर प्रत्येक चौकोनात आधी पेनाने कागदावर लिहायचं, आणि मगच संगणकासमोर बसायचं. सोळांपैकी ‘हो’ एखाद-दोनच असतील. उरलेले सगळे नकार, आणि तेही एकेक करून पाहायचे. उत्तर आधी लिहून ठेवणं महत्त्वाचं, कारण पडद्यावर जे दिसतं तेच बरोबर असावं असं माणसाला फार लवकर वाटू लागतं.

हे करताना व्यवस्थापकाच्या लॉगिनवरून काही तपासू नये. त्याला सगळीच दारं उघडी, त्याला जे दिसतं त्यावरून दुसऱ्याला काय दिसेल हे कळत नाही. बटण दिसेनासं झालं म्हणजे अधिकार गेला असंही समजू नये. पडद्यावरून बटण काढलं, पण त्या पानाचा जुना पत्ता टाकला तर पान उघडतं, मोबाइलवरच्या ॲपमधून तेच काम होतं, किंवा अहवाल एक्सेलमध्ये उतरवताना झाकलेले रकाने आपोआप बाहेर येतात, अशी उदाहरणं या धंद्यातल्या कुणालाही विचारली तरी सापडतील. आणखी एक जागा हमखास सुटते. सकाळी लॉगिन करून बसलेल्या माणसाचा अधिकार दुपारी काढला, तर पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये तो बाहेर पडून पुन्हा आत येईपर्यंत जुनाच अधिकार चालू राहतो. ती अर्धी दुपारही तपासण्याचा भाग आहे.

डहाणू-तलासरीची म्हणून एक खास अडचण आहे, आणि ती शहरातल्या सॉफ्टवेअर करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही: अतिरिक्त कार्यभार. दुर्गम भागात पदं रिकामी राहतात, एकेका माणसाकडे दोन-तीन पदांचा चार्ज असतो. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पदाचे अधिकार वेगवेगळे तपासलेले असतात आणि वेगवेगळे ते बरोबरही असतात. पण एका माणसाला दोन पदं दिली की अधिकारांची बेरीज होते. नोंद करणारा आणि प्रमाणित करणारा, वजन चढवणारा आणि पैसे सोडणारा, हे दोघे एकाच खुर्चीत येतात, आणि तक्त्यातल्या कुठल्याही ओळीत चूक सापडत नाही. म्हणून नियम पदाला लावून भागत नाही. तो नोंदीला लावावा लागतो: ही विशिष्ट नोंद ज्या माणसाने केली, त्याच माणसाला ती मंजूर करता येणार नाही, त्याच्याकडे आज कितीही पदं असोत. आणि चाचणीही अशी, की एकाच माणसाला मुद्दाम दोन्ही पदं द्यायची, त्याच्याकडून नोंद करून घ्यायची आणि मग ती मंजूर करायला लावायची. नकार आला पाहिजे. चार्ज संपण्याची तारीख अधिकार देतानाच टाकायची, म्हणजे बदलीचा हंगाम संपला तरी जुन्या माणसाचं लॉगिन गावात राहत नाही.

यावर जो आक्षेप येतो तो हलका नाही. लोक म्हणतात, इथे एक माणूस मिळत नाही, दोन हात कुठून आणायचे? उधव्याहून तलासरीला आलेल्या बाईला ‘साहेब नाहीत, नोंद झाली पण मंजूर व्हायची आहे’ असं सांगून परत पाठवायचं का? तिची एक खेप म्हणजे एक मजुरी. मला हा आक्षेप पटतो, आणि म्हणूनच वाटतं की नको असलेला नकारही तितक्याच काळजीने तपासायला हवा. रोजगार हमीचं उदाहरण घ्या. १ जानेवारी २०२३ पासून कामाच्या जागेवरची हजेरी मोबाइल ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून लावणं बंधनकारक झालं. मेटच्या, म्हणजे कामावरच्या मुकादमाच्या, लॉगिनला त्या कामाचं हजेरीपत्रक जोडलेलं नसेल, तर समोर तीस माणसं खोदत असूनही त्यांची हजेरी लागत नाही. मागणी, मंजुरी, काम, सगळं खरं, आणि अधिकाराची एक जोडणी राहिली म्हणून मजुरी नाही. हे कुणाला कळतं? हजेरी न लागलेल्या मजुराला, आणि तेही पंधरवडा उलटल्यावर. दिवाळीनंतर वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांकडे निघायचं की गावात थांबायचं हे घर जेव्हा ठरवत असतं, तेव्हा असा एक बुडालेला पंधरवडा निर्णय फिरवतो. मेट बदलला की कामाच्या आदल्या दिवशी, त्याच जागेवर, त्याच्याच मोबाइलवर, तिथल्या नेटवर्कवर लॉगिन करून पाहणं एवढीच चाचणी पुरते. ती तालुक्याच्या कचेरीत बसून घेतली तर तिला अर्थ नाही.

दोन हात नाहीत म्हणून एकच हात चालवण्याची पळवाट कुठे नेते, ते ग्रामपंचायतीत दिसतं. ई-ग्रामस्वराजवरून पैसे अदा करताना एक बाजू ग्रामपंचायतीच्या सचिवाची, दुसरी सरपंचाची, दोघांच्या वेगवेगळ्या डिजिटल सह्या. अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्यामुळे सरपंचपद आदिवासींसाठीच राखीव, आणि महाराष्ट्रात निम्मी पदं महिलांची. म्हणजे तत्त्वतः निम्म्या गावांत एका आदिवासी बाईच्या सहीशिवाय गावाचा पैसा हलत नाही. केवढी मोठी गोष्ट आहे ही, या मुलखाच्या इतिहासात! पण सह्यांचे दोन्ही डोंगल एकाच खणात आणि दोन्ही पिन एकाच चिठ्ठीवर, असं चित्र राज्यात ठिकठिकाणी दिसतं. प्रणालीच्या दृष्टीने दोन सह्या झाल्या, प्रत्यक्षात एका बोटाने. बाईंना जमत नाही म्हणून ऑपरेटर करतो, असं सांगितलं जातं. मला वाटतं हा दोष बाईंचा नाही. सरपंचांना सहीचा अधिकार दिला त्या दिवशी चाचणी झाली ती फक्त सही उमटते का याची. त्या एकट्या बसून ‘हे बिल मी परत पाठवते’ असं करू शकतात का, पिन टाकण्याआधी रक्कम कुणाच्या खात्यात जाते आहे हे त्यांना वाचता येईल असं समोर येतं का, परत पाठवण्याची जागा त्यांना सापडते का, हे कुणी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं नाही. नकार देता येत नसेल तर ती सही म्हणजे शिक्का आहे.

जगात या हलगर्जीपणाची किंमत केवढी मोठी पडू शकते हे ब्रिटनच्या टपाल खात्याने दाखवलं. होरायझन नावाच्या हिशेबाच्या प्रणालीत तूट दिसली म्हणून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक उपडाकपालांना दोषी ठरवलं गेलं. काहींना तुरुंगवास झाला, संसार मोडले. शाखेच्या हिशेबात बाहेरून कुणी हात घालूच शकत नाही, असं खातं वर्षानुवर्षं ठामपणे सांगत राहिलं. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालाने ते खोटं ठरलं. प्रणाली चालवणाऱ्या कंपनीच्या लोकांना शाखांचे हिशेब दुरून बदलता येत होते. ‘हे कुणालाच करता येत नाही’ हे वाक्य कधी करून पाहिलं नव्हतं, नुसतं उच्चारलं होतं. लंडनमध्ये वकील करता येणाऱ्यांची ही गत झाली. संस्थेच्या पावतीवरचं वजन बदललं असं सांगायला डहाणूतल्या सायवनचा शेतकरी कुठे जाणार?

बदल केल्याचा मागही राहायला हवा. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची न पुसता येणारी नोंद १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची आहे. टॅली वापरणाऱ्यांना एडिट लॉग परिचयाचा झाला आहे. सहकारी संस्थेच्या सभासदाचा पैसा कंपनीच्या भागधारकाच्या पैशापेक्षा कमी मोलाचा आहे, असं कुणी म्हणणार नाही. तर मग संस्थेनेही तोच दंडक पाळावा, आणि त्यात रकमांच्या बदलांबरोबर अधिकारांच्या बदलांचीही नोंद ठेवावी: कुणाला अधिकार दिला, कुणाच्या सांगण्यावरून, कधीपर्यंत. बदल करण्याआधी जुन्या अधिकारांची प्रत काढून ठेवली, बदल आधी एका केंद्रावर आठवडाभर चालवला, आणि बिघडलं तर कुणी मागे फिरवायचं हे नाव ठरलेलं असलं, तर पुष्कळ धोका तिथेच आटोपतो. मार्चअखेर, खरेदीचा पहिला आठवडा आणि सुट्टीची आदली संध्याकाळ एवढे दिवस मात्र सोडावेत.

हे सगळं तंत्रज्ञांवर सोडून चालणार नाही. कुणाला काय करता येऊ नये हे तंत्रज्ञाला कुठून माहीत असणार? ते सभासदाला माहीत असतं, खातेदाराला असतं, ज्याचं नुकसान होऊ शकतं त्याला असतं. म्हणून ते सोळा चौकोन भरताना संस्थेचा एक साधा सभासद, भात घालणारा, शेजारी बसवावा. काय व्हायला नको हे तो भराभरा सांगेल. आणि सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, त्या सभेत ताळेबंदाबरोबर आणखी एक कागद वाचला जावा: संगणकावर कुणाकुणाला काय काय करता येतं, कधीपर्यंत, आणि कोणते नकार कुणासमोर तपासले. मराठीत, मोठ्याने, आणि नंतर फलकावर लावून. भाताची खरेदी सुरू होते ती दिवाळीच्या सुमारास. सभा आणि काटा यांच्या मधले ते आठवडे वर्षभराचे अधिकार तपासायला पुरेसे आहेत.